निळ्या झग्याच्या खेपा

यूनुसच्या धाकटीची, फिरदोसची, बिस्मिल्ला झाली ते साल एकोणीसशे शहाण्णव. चार वर्षं पुरी झालेल्या पोरीला नवे कपडे घालून पहिलं अक्षर गिरवायला बसवायचं, हा कोकणातल्या मुसलमान घरांचा जुना रिवाज. दुबईतल्या देरा भागात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत तो पार पडावा आणि आजा-आजी हजर असावीत, म्हणून यूनुसनं आई-बापाला व्हिजिट व्हिसावर दुबईला बोलावून घेतलं. अशा रीतीनं इद्रीस म्हाताऱ्यानं आयुष्यात दुसऱ्यांदा समुद्र ओलांडला. पहिल्यांदा ओलांडला तेव्हा त्याच्या अंगावर खाकी वर्दी होती आणि खिशात फौजी लॉरी चालवायचा परवाना.

निघायच्या आदल्या दिवशी त्याची बहीण मैमुनाबी भिंत चाचपत त्याच्या पडवीत आली. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले होते.

"इद्रीस, माझा खैरू तिकडेच आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षं झाली. मला आता काही दिसायचं नाही. पण हाताला तरी लागू दे. घेऊन ये त्याला."

"आणतो," इद्रीस म्हणाला. बहिणीला दुसरं काय सांगणार?

खैरुद्दीन तिचा एकुलता एक. ज्या ठेकेदाराकडे तो कामाला गेला त्याचा धंदा तीन वर्षांतच बुडाला, मालक पळाला आणि त्याच्याबरोबर खैरूचा पासपोर्टही गेला. तेव्हापासून तो बिनकागदाचा माणूस झाला. पोलीस दिसला की गल्ली बदलायची, आजारी पडला तरी दवाखान्यात जायचं नाही. पण त्याच साली तिथल्या सरकारनं माफी जाहीर केली. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांनी मुदतीच्या आत देश सोडावा. दंड नाही, तुरुंग नाही. हजारो माणसं लपल्या जागेतून बाहेर आली आणि रांगा लावून घरी निघाली. खैरू तेवढा आला नाही.

बिस्मिल्लाचे लाडू वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशी यूनुस बापाला गाडीत घालून अबू धाबीकडे निघाला. मुसफ्फात गॅरेजांच्या रांगेमागे पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यातल्या एकीत सूर्यकांत नावाचा माणगावकडचा वेल्डर राहत होता. त्यानंच खैरूला इतकी वर्षं आपल्या खोलीत जागा दिली होती.

"या काका, या," सूर्यकांतनं बाजेवरचे कपडे बाजूला केले. "खैरू, अरे बाहेर ये, बघ कोण आलंय! आज तरी दाढी कर म्हटलं होतं की नाही?"

खैरू आला. चाळिशीतच सगळे केस पांढरे झालेले. त्यानं मामूचा हात डोळ्यांना लावला आणि बराच वेळ सोडलाच नाही. सूर्यकांतनं काळा चहा ठेवला. गावातलं कोण कसं आहे, कुणाच्या घरावर कौलं जाऊन स्लॅब पडला, सगळं बोलून झालं. मग इद्रीसनं मुद्द्याला हात घातला.

"चल. यूनुस तुझा आउटपास काढून देतो, पासपोर्ट नसला तरी त्यावर जाता येतं. तिकीट मी काढतो. आई वाट बघते."

"नको, मामू."

"नको कसं? फाटक उघडलंय. कुणी अडवत नाही."

"फाटकाचं नाही हो."

"मग कशाचं?"

सूर्यकांतच म्हणाला, "काका, हा चार वर्षं तेच सांगतो. पेटी भरली की जाईन. आता कागद नसलेल्या माणसाला पगार मिळतो किती नि राहतो किती? ती पेटी काय भरायचं नाव घेत नाही."

आखातातून माणूस घरी आला की त्याची पेटी पडवीत उघडतात, हे त्या किनाऱ्यावर पोराटोरालाही ठाऊक. पेटी म्हणजे आता बॅगच असते, पण म्हणायचं पेटी. सगळा मोहल्ला जमतो. कुणाच्या हातात टॉर्च पडते, कुणाच्या साबणाची वडी, कुणाच्या अत्तराची इवलीशी कुपी. वस्तू काय, मुंबईतही मिळते. पण माणूस परदेशात असताना आपलं नाव विसरला नव्हता, हे त्या वडीवरून कळतं. पेटीशिवाय आलेला माणूस म्हणजे जणू कुणाची आठवणच न ठेवलेला माणूस.

"आई शेजारी बसणार," खैरू हळूच म्हणाला. "तिला दिसत नाही. ती पेटीत हात घालणार, मामू. आत तिच्या हाताला काय लागेल?"

"तू लाग ना तिच्या हाताला!" इद्रीस म्हणाला. "तिला पेटी नको, तू हवास. आहेस तसा चल. कुणी काही बोलणार नाही."

"तेच म्हणू नका. कुणी काही बोलणार नाही, तेच मला सोसायचं नाही."

इद्रीसचा पारा चढला. "लढाईतून माणसं फाटक्या चड्डीवर घरी आली! आणि तुला अत्तराच्या कुप्या हव्यात? बस इथंच, पत्र्याखाली शिजत!" आणि चहा अर्धा टाकून तो उठला.

परतीच्या रस्त्यावर यूनुस म्हणाला, "बा, खलास. तो काय येत नाही." त्यांच्या पुढं ताडपत्री टाकलेली एक लॉरी चालली होती. वाऱ्यानं तिच्या ताडपत्रीचं टोक फडफडत होतं. ते बघता बघता म्हाताऱ्याच्या मनात पन्नास वर्षांपूर्वीचा एक शब्द वर आला. मालू. जावा बेटावरच्या माणसांच्या बोलीत मालू म्हणजे लाज.

घरी इद्रीसच्या बायकोनं, मरियमबीनं, तांदळाची भाकरी आणि सुरमईचं सार वाढलं. सगळा प्रकार ऐकून ती म्हणाली, "तुमच्यासारखा मामू न्यायला आला असता तर मीसुद्धा आले नसते. माणसाला बोलवायला गेलात की बकरं हाकायला?"

यूनुसचा दहा वर्षांचा मुलगा फहद हसला आणि आजाला इंग्रजीत म्हणाला, "दादा, वर यू रिअली इन द वॉर? विथ अ गन?"

"बंदूक होती, पण माझं काम लॉरीचं," इद्रीस म्हणाला. मग भाकरीचा तुकडा ताटातच ठेवून तो सांगायला लागला. मरियमबीनं हे कधी ऐकलं नव्हतं. लढाईचं तो घरी बोलतच नसे.

जपान शरण आला त्या साली, पंचेचाळीसच्या पावसाळ्यानंतर, इद्रीसच्या तुकडीला जावा बेटावर उतरवलं. लढाई संपली होती. काम एवढंच होतं की डोंगरात एक कैदी छावणी आहे, तिथली माणसं लॉऱ्यांत भरून बंदरावर आणायची. छावणी म्हणजे कैदी फौजी असणार, असं इद्रीस धरून चालला होता.

बांबूच्या तट्ट्यांचं उंच कुंपण, त्यावर काटेरी तार. फाटक उघडं होतं, पण फाटकावर जपानी शिपाई अजून पहाऱ्यालाच होते. बाहेर बेटावर धामधूम चाललेली, म्हणून हरलेल्यांनाच कैद्यांच्या राखणीचा हुकूम होता. बेटावरच्या लोकांना आता कुठल्याच गोऱ्या साहेबाचं राज्य नको होतं. इद्रीसला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्या गावातही तेच बोलणं चालू होतं. पण कुंपणाच्या आत जे होतं त्याचा राज्याशी काही संबंध त्याला दिसला नाही.

आत सगळ्या बायका आणि मुलं. गोऱ्या डच बायका. साडेतीन वर्षं कोंडलेल्या. नवरे वेगळ्या छावण्यांत, आणि मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की तोही आईपासून काढून नेलेला. इद्रीस लॉरीतून खाली उतरला, तशा समोरच्या बायकांनी कमरेत वाकून मान खाली घातली. वर्दी दिसली की वाकायचं, नाही तर मार. ती सवय अंगात इतकी मुरली होती की सोडवायला आलेल्यापुढंही कंबर आपोआप वाकली. इद्रीसला तोंड कुठं लपवावं ते कळेना. त्यानं घाईनं टोपी काढली आणि तोही वाकला. एक म्हातारी ते बघून हसली. तिच्या तोंडात चारच दात असतील.

आत गेल्यावर त्यानं जे बघितलं ते त्यानं फहदसमोर सगळं सांगितलं नाही. मुलांच्या पोटाचे नगारे आणि पायांच्या काड्या, एवढंच सांगितलं. बांबूच्या लांब फळ्यांवर शेजारीशेजारी निजलेली माणसं, त्यातली काही उठवूनही न उठणारी. कांजीसारख्या पातळ पिठाळ पाण्याचा वास. आणि एक छोटी मुलगी, जी त्याच्या लॉरीच्या चाकाला हात लावून बघत होती, कारण कुंपणात जन्मल्यामुळे तिनं चाक जवळून कधी बघितलंच नव्हतं.

"मग त्यांना नेलंत?" मरियमबीनं विचारलं.

"नेलं. पण एक बाई येईना."

ती फळीच्या टोकाला, फाटक्या मच्छरदाणीच्या आड बसून होती. बंदरावर तिचा नवरा जिवंत आहे आणि वाट बघतो आहे, अशी चिठ्ठीसुद्धा आली होती. तरी बाई हलेना. इद्रीस मलायात काही महिने राहिलेला, त्यामुळे तिथली बोली त्याला मोडकीतोडकी येत होती, आणि त्या बायकांनाही येत होती. त्यानं तिला आपल्या वाट्याचा बिस्किटांचा डबा दिला. घोंगडी दिली. "चल बाई, आहेस तशी चल," तो म्हणाला. "ताडपत्री खाली सोडतो, कुणी बघणार नाही." ती फक्त एक शब्द बोलली. मालू. डोक्याचे केस कापलेले, पायांवर फोड, अंगावर गोणपाटाचा तुकडा. नवऱ्यानं तिला शेवटचं बघितलं होतं ते लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. या रूपात ती त्याच्यापुढं कशी उभी राहणार?

"हॉर्न वाजवला, वरडलो. सगळं करून बघितलं," इद्रीस म्हणाला. "मग ती चार दातांची म्हातारी पुढं आली. पोरं तिला तांते म्हणायची, म्हणजे मावशी. तिनं फळीखालून एक पत्र्याचा डबा ओढला. आत एक झगा होता. निळा, पांढऱ्या कॉलरचा. उपाशी राहिली, पण तो झगा तिनं भाताच्या मुठीसाठी विकला नव्हता. सुटकेच्या दिवशी स्वतः घालायचा म्हणून ठेवलेला. तो तिनं या बाईला घातला."

मग बाकीच्या जमल्या. एकीनं कमरेचा पट्टा दिला, एकीनं डोक्याला बांधायला रुमाल. कुणाच्या तरी मोठ्या बुटांत चिंध्या कोंबून ते तिच्या पायात घातले. एका पोरीकडे ओठाला लावायच्या रंगाचं नखाएवढं थोटूक होतं, तेही तिला पुरलं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्याकडूनसुद्धा काही ना काही निघालं. आणि ती बाई उठली, ताठ चालत आली आणि लॉरीत मागं नाही, पुढं इद्रीसच्या शेजारी बसली.

"बंदरावर तिचा नवरा भेटला. तो तरी काय, हाडांचा सापळा! दोघं रडली, हसली. मग ती आडोशाला गेली, तिथल्या नर्सनं दिलेले कपडे अंगावर चढवून आली, आणि झगा घडी करून माझ्या सीटवर ठेवला. म्हणाली, वर घेऊन जा, पुढच्या बाईला लागेल."

"आणि?" यूनुसनंही जेवण थांबवलं होतं.

"आणि काय! तो झगा माझ्या लॉरीतून खाली जायचा आणि रिकाम्या लॉरीतून वर यायचा. कितीजणींनी घातला, अल्ला जाणे. शेवटच्या खेपेला तांते आली. तेव्हा तो तिच्या अंगावर होता. पार विटलेला. पण मला विचारलं, कशी दिसते? मी म्हटलं, नवरी!"

मरियमबीनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "इतकं सगळं बघून आलात, आणि खैरूला काय सांगितलंत? आहेस तसा चल. तिथंही तेच म्हणालात, इथंही तेच."

"तेच तर गाडीत बसल्यापासून डोक्यात घोळतंय," इद्रीस म्हणाला.

मरियमबी उठली. स्वतःची प्रवासाची बॅग पलंगाखालून ओढून तिनं उलटी केली. कपडे खाटेवर गेले. यूनुसनं आईला परवाच घेतलेली मऊ लोकरी शाल तिनं घडी मोडू न देता बॅगेच्या तळाशी ठेवली. "ही मैमुनाबीसाठी. पुढचं तुम्ही बघा."

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर इद्रीस ती बॅग घेऊन गावच्या खोलीवर गेला. देऱ्यातच नायफच्या गल्लीत त्यांच्या गावच्या जमातीनं, म्हणजे मोहल्ल्याच्या मंडळानं, कित्येक वर्षं एक खोली भाड्यानं ठेवली होती. नवा आलेला, नोकरी सुटलेला, कुणीही असो, काम मिळेपर्यंत तिथं राहायचं आणि पाळीनं स्वयंपाक करायचा. शुक्रवारी सगळेच तिथं जमत. इद्रीसनं बॅग मधोमध उघडी ठेवली.

"चाचा, बॅग रिकामी? कस्टमला काय दाखवणार, हवा?" कुणीतरी म्हणालं.

"खैरूची पेटी आहे," इद्रीस म्हणाला. "मैमुनाबीचा खैरू. पेटी नाही म्हणून जात नाही."

त्या खोलीत असा एकही नव्हता ज्याला हे समजावून सांगायला लागावं. मग एकजण उठला आणि कपाटातून कोऱ्या टॉवेलांची जोडी आणून बॅगेत ठेवली. दुसऱ्यानं लहान भावासाठी घेतलेला शर्ट दिला. अत्तर आलं, साबण आले, खजुराचं पाकीट, पोरांसाठी रंगीत पेन्सिली. खोलीतल्या सगळ्यात चिक्कू माणसानं, जो चहात साखर दुसऱ्याची घालायचा, आपला रेडिओ आणून ठेवला.

"हबीबी, तू? तब्येत बरी आहे ना?" सगळे हसले.

"बॅटऱ्या नाहीत त्यात," तो फुरंगटून म्हणाला. "त्या त्याच्या त्यानं घ्याव्यात."

बॅगेची चेन लागेना. दोघं तिच्यावर बसले तेव्हा लागली. इद्रीस प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत गेला, चिक्कूच्या तर दोनदा.

मुदत संपत आली होती. दुसऱ्या दिवशीच तो पुन्हा मुसफ्फाला गेला. या वेळी त्यानं चल म्हटलंच नाही. बॅग खैरूच्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "उघड."

खैरूनं उघडली. वरच्या टॉवेलावर हात ठेवून तो बसून राहिला. "हे सगळं दुसऱ्यांचं, मामू. मी कसं परत करू?"

तेव्हा इद्रीसनं त्याला निळ्या झग्याचं सांगितलं. "त्या छावणीची आणि इथली बरोबरी नाही, बाबा. तुला कुणी कोंडलं नव्हतं. पण लाज तिथली आणि इथली एकच. ती बाई झगा घालून गेली, तेव्हा तो तिचाच होता. नवऱ्यापुढं उभं राहायला लागला तेवढा. मग तिनं तो पुढचीसाठी पाठवला. तू पण ही बॅग परत पाठव. तुझ्यामागं आणखी कुणीतरी असेल."

सूर्यकांत दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं मनगटावरचं घड्याळ सोडलं. "हे घे. रिकामं मनगट घेऊन आईसमोर जाणार? पण परत पाठव हां. सासऱ्यानं दिलंय, हरवलं तर बायको मला देश सोडायला लावेल, माफी असो नसो."

खैरू हसला. हसता हसता रडायला लागला. मग उठून त्यानं दाढीचं सामान शोधलं.

आउटपाससाठी यूनुस त्याच्याबरोबर रांगेत उभा राहिला. मुदतीच्या आतच तिकीट निघालं, इद्रीस आणि मरियमबीच्याच विमानाचं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं खैरूचा कागद बघितला, शिक्का मारला आणि म्हणाला, "यल्ला, घरी जा." इद्रीसनं त्याच्याकडे बघून हात उचलून सलाम केला. विमान वर गेलं तेव्हा तो खिडकीतून खालची वाळू बघत होता. जिथं पोराला काम मिळालं, नातीला पहिलं अक्षर मिळालं आणि भाच्याला वाट मिळाली, त्या मातीसाठी त्यानं मनातल्या मनात दुवा मागितली. तांतेसाठीही मागितली. तिचं नाव त्याला कधीच कळलं नव्हतं. तो दुवेत निळ्या झग्याची मालकीण असं म्हणायचा. अल्लाला ओळख पटत असेल.

पडवीत सगळा मोहल्ला जमला. मैमुनाबीनं आधी खैरूचा चेहरा चाचपला, मग खांदे, मग हात. मनगटावर घड्याळ लागलं तेव्हा तिची बोटं तिथं थोडी थांबली. "जाड झालास रे," ती म्हणाली. तो मुळीच जाड झाला नव्हता, पण कुणी हसलं नाही. मग ती पेटीजवळ बसली, आत हात घालून एकेक वस्तू काढायला लागली आणि प्रत्येक वेळी विचारायला लागली, "ही कुणाच्या घरची?" खैरू घराचं नाव सांगायचा, आणि वस्तू त्या घरी जायची. तळाशी शाल निघाली. ती तिनं गालाला लावली आणि कुणाची ते विचारलंच नाही. दाराशी उभ्या असलेल्या मरियमबीनं इद्रीसला कोपरानं ढोसलं.

महिन्याभरानं गावचा एक जण दुबईला निघाला, तेव्हा खैरूनं ती बॅग परत पाठवली. आत आमसुलं होती, सुके बोंबील होते, कुळथाचं पीठ होतं, आणि कापसात गुंडाळलेलं सूर्यकांतचं घड्याळ. बॅग गावच्या खोलीतच राहिली. पुढं ज्याची पेटी भरत नसे, त्याच्यासाठी ती मधोमध उघडून ठेवायचा रिवाज पडला. तिच्या किती खेपा झाल्या, कुणी मोजलं नाही.

खैरूनं गावातच मोटारींचं डेंटिंग-पेंटिंग सुरू केलं आणि आईला शेवटपर्यंत सांभाळलं. मैमुनाबी १९९८च्या जानेवारीत, रमजानच्या महिन्यात वारली. मरियमबीची शाल तिच्या उशाशी होती, आणि तिला कबरीत तिच्या मुलानं उतरवलं. इद्रीस फेब्रुवारी २००३ मध्ये, बकरी ईद होऊन चार दिवस झाले होते तेव्हा, सकाळचा चहा पिऊन पडवीत बसला असताना वारला.